मद्यपान करून वाहन चालवल्याचा आरोप: गोव्यातील चालकाने कायदेशीर बचाव कसा उभारावा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ खालील खटल्याचा निकाल न्यायालयात लागतो, पण त्याचा पाया रस्त्यावर आणि पोलीस ठाण्यात पहिल्या दोन-तीन तासांतच घातला जातो. अल्कोमीटरने, म्हणजे श्वासातील मद्य मोजणाऱ्या यंत्राने, दाखवलेला आकडा, त्याची छापील चिठ्ठी, अटकेची वेळ, डॉक्टरांसमोर नेल्याची वेळ, रक्ताच्या नमुन्यावरचे सील या सगळ्या नोंदी त्याच वेळात तयार होतात. पुढे वकील कितीही निष्णात असला तरी त्याला या नोंदींच्या बाहेर फारसे जाता येत नाही. म्हणून बचावाचा विचार वकीलपत्र भरण्याच्या दिवशी सुरू करू नये. गाडी बाजूला घ्यायला सांगितले जाते त्या क्षणापासून तो सुरू झाला पाहिजे.

हा लेख पळवाटा शिकवण्यासाठी नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बाणस्तारी पुलावरील अपघातात तिघांचे प्राण गेले, ती जखम गोव्यात अजून ओली आहे, आणि दारूच्या अमलाखाली वाहन चालवण्याविरुद्धचा कायदा कडक असावा याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु कडक कायदा वापरताना हात तितकाच काटेकोर हवा. पेडण्याचा पर्यटक टॅक्सीचालक किंवा कळंगुटच्या हॉटेलातून रात्रपाळी संपवून डिचोलीला परतणारा कर्मचारी जर तपासणी न केलेल्या यंत्राच्या आकड्यावर दोषी ठरला, तर दंडाबरोबर त्याचा परवानाही अडकतो आणि घरची चूल त्या परवान्यावर पेटत असते. खाली दिलेली माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्यक्ष प्रकरणात कागद वाचून सल्ला देणारा वकील हवाच.

पहिली पायरी: आरोप नेमका कशाचा आहे ते समजून घ्या

कलम १८५ मध्ये दोन वेगळे गुन्हे आहेत. पहिला मद्याचा: वाहन चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना चालकाच्या दर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असणे, आणि ते ब्रेथ अ‍ॅनालायझरच्या किंवा प्रयोगशाळेसह अन्य चाचणीत आढळलेले असणे. दुसरा अमली पदार्थांचा: त्या पदार्थाचा अंमल इतका असणे की वाहनावर योग्य ताबा ठेवणे चालकाला अशक्य व्हावे. दोन्हींतला फरक बचावासाठी महत्त्वाचा आहे. मद्याच्या बाबतीत आकडा सिद्ध झाला की गाडी सरळ चालत होती, तोल गेला नव्हता, अपघात झाला नाही, हे सांगून गुन्हा नाहीसा होत नाही. फार तर शिक्षा ठरवताना त्याचा विचार होतो. अमली पदार्थांच्या बाबतीत मात्र ताबा सुटला होता हे सरकार पक्षाला सिद्ध करावे लागते.

पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या व त्यानंतरच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर आहे. हेल्मेट किंवा सिग्नलच्या चलनाप्रमाणे हा गुन्हा जागेवर तडजोड शुल्क भरून मिटत नाही, कारण तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या कलम २०० मधील यादीत कलम १८५ नाही. प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जातेच. त्यामुळे ‘इथेच पैसे भरून मोकळे व्हा’ असे कोणी सुचवले तर तो दंड नसून लाच आहे, आणि २०१८ पासून लाच देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आरोप वाचताना आणखी एक गोष्ट पाहावी. त्याच प्रसंगावरून भारतीय न्याय संहितेचे कलम २८१, म्हणजे बेदरकार वाहन चालवणे, किंवा मोटार वाहन कायद्याचे कलम १८४, म्हणजे धोकादायक वाहन चालवणे, जोडलेले असते का? असेल तर चाचणीतील दोषामुळे कलम १८५ गळून पडले तरी ही कलमे उभी राहू शकतात, आणि त्यांचा बचाव वेगळ्या पुराव्यावर करावा लागतो.

दुसरी पायरी: रस्त्यावर

मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ प्रमाणे श्वासाचा नमुना मागण्याचा अधिकार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला किंवा वाहतूक खात्याच्या अधिकाऱ्याला आहे, आणि तोही सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवणाऱ्याकडे, मद्यपानाचा संशय घेण्यास वाजवी कारण असेल तेव्हा. नाकाबंदीत सरसकट प्रत्येकाला फुंकायला लावले जात असेल तर ‘वाजवी कारण’ कोणते होते हा प्रश्न पुढे उलटतपासणीत विचारता येतो. पण एवढ्या एकाच मुद्द्यावर खटला उभा करू नये, कारण अधिकारी साक्षीत ‘तोंडाला वास येत होता’ असे म्हणाला की तो मुद्दा बराचसा संपतो.

चाचणीला नकार द्यावा का, हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्यावर मित्रमंडळींत सर्वाधिक चुकीचा सल्ला दिला जातो. उत्तर स्पष्ट आहे: वैद्यकीय कारण नसेल तर नकार देऊ नये. नकार दिल्यास संशयाच्या आधारे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, पोलीस ठाण्यात रक्ताचा नमुना मागितला जाऊ शकतो, आणि कलम २०५ प्रमाणे वाजवी कारणाशिवाय दिलेला नकार ही आरोपीविरुद्धच्या पुराव्याला बळ देणारी बाब मानली जाऊ शकते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मधील स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क येथे कामी येत नाही. शरीरातून घेतलेले नमुने म्हणजे साक्ष नव्हे, ही सर्वोच्च न्यायालयाची १९६१ पासूनची भूमिका आहे. दमा, छातीची अलीकडची शस्त्रक्रिया किंवा तोंडाची इजा यांमुळे फुंकर मारता येत नसेल, तर ते कारण लगेच सांगावे, लेखी नोंदवायला सांगावे आणि रक्ताची चाचणी घेण्याची तयारी स्वतःहून दाखवावी. असे केले तर तो नकार ठरत नाही, असमर्थता ठरते.

फुंकण्यापूर्वी शांत आवाजात चार गोष्टी मागता येतात: तोंडाला लावायची नळी नवी असावी, यंत्राचा पडदा आधी शून्य दाखवतो हे पाहू द्यावे, गेल्या काही मिनिटांत माउथवॉश, अल्कोहोलमिश्रित खोकल्याचे औषध किंवा होमिओपॅथीचा अर्क घेतला असल्यास ते नोंदवून पंधरा मिनिटांनी दुसरी चाचणी घ्यावी, आणि आलेल्या आकड्याची छापील चिठ्ठी दाखवावी. मागणी नाकारली गेली तर वाद घालू नये. वेळ, ठिकाण, अधिकाऱ्याच्या छातीवरील नावाची पट्टी, यंत्राचा क्रमांक आणि तिथे हजर असलेली माणसे हे सगळे मोबाइलमध्ये टिपून ठेवावे. किती प्यालो, कुठे प्यालो, कोणाबरोबर प्यालो, या प्रश्नांना उत्तर देणे बंधनकारक नाही. ‘नाव, पत्ता, परवाना देतो, बाकीचे वकिलांशी बोलून सांगतो’ एवढे नम्रपणे म्हणावे.

आणि हात उगारू नये. कलम १८५ चा गुन्हा जामीनपात्र आहे, पण पोलिसाला धक्का दिला की भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ लागते, आणि ते जामीनपात्र नाही.

तिसरी पायरी: पोलीस ठाणे आणि रुग्णालय

अटक झाली तर सर्वांत महत्त्वाची नोंद वेळेची. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ मध्ये तरतूद आहे की कलम १८५ साठी अटक झालेल्या व्यक्तीची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, न झाल्यास तिला कोठडीतून सोडले पाहिजे. या तरतुदीचा अर्थ अनेकदा ताणून सांगितला जातो. कायद्याने दिलेला परिणाम सुटकेचा आहे, निर्दोषत्वाचा नाही. दोन तास उलटले म्हणून खटला आपोआप संपत नाही. मात्र उशिरा घेतलेल्या नमुन्याच्या विश्वासार्हतेवर आणि पोलिसांच्या एकूण कार्यपद्धतीवर प्रश्न उभा करण्यासाठी हाच उशीर फार उपयोगी पडतो. म्हणून अटकेच्या पत्रकावर वेळ लिहिली आहे का, आणि ती खरी आहे का, हे सही करण्यापूर्वी पाहावे.

अटकेचे पत्रक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा) कलम ३६ प्रमाणे साक्षीदाराच्या सहीने तयार व्हावे लागते. अटकेची कारणे आणि जामिनाचा हक्क कलम ४७ प्रमाणे सांगावा लागतो. घरच्या माणसाला कलम ४८ प्रमाणे कळवावे लागते. गोव्यात बरेच कागद इंग्रजीत असतात. न कळणाऱ्या कागदावर सही करू नये. मराठीत किंवा कोंकणीत वाचून दाखवा अशी विनंती करावी, आणि मजकूर चुकीचा वाटल्यास सहीजवळ ‘मजकूर मान्य नाही’ असे लिहून तारीख-वेळ टाकावी. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, तरीही तो न देणेच शहाणपणाचे. महिला चालकांनी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३(५) लक्षात ठेवावे: अपवादात्मक परिस्थिती आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी असल्याशिवाय सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. मद्यपानाची तपासणी बहुधा रात्रीच होते, म्हणून हा मुद्दा येथे कागदापुरता राहत नाही.

पोलीस ठाण्यात नेल्यावर कलम २०३ प्रमाणे तेथे पुन्हा श्वासाचा नमुना देण्याची संधी मिळाली पाहिजे. रस्त्यावर आलेला आकडा मर्यादेच्या जवळ असेल तर ही संधी आवर्जून मागावी. रक्ताचा नमुना घेतला जात असेल तर तीन गोष्टींकडे डोळ्यात तेल घालून पाहावे. त्वचा स्पिरिटने पुसली की अल्कोहोल नसलेल्या जंतुनाशकाने? कुपीत रक्त टिकवणारे व गोठू न देणारे द्रव्य आहे का? कुपी तुमच्या देखत सील होऊन तिच्यावर नाव, वेळ व सह्या पडल्या का? महिलेचा नमुना पुरुष डॉक्टर घेत असतील तर दुसऱ्या स्त्रीची उपस्थिती कलम २०४ प्रमाणे आवश्यक आहे. वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत मिळण्याचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ मध्ये आहे. ती लेखी मागावी.

जामिनासाठी सत्र न्यायालयात धाव घेण्याची गरज नसते. जामीनपात्र गुन्हा असल्याने जामीनदार दिल्यावर पोलीस ठाण्यातूनच सुटका होते. गाडी घरी नेण्यासाठी मद्य न घेतलेला, वैध परवाना असलेला नातेवाईक किंवा मित्र बोलावून घ्यावा आणि गाडी त्याच्या ताब्यात देण्याची विनंती करावी. तरीही ती ठेवून घेतली तर न्यायालयात तात्पुरत्या ताब्यासाठी अर्ज करता येतो.

चौथी पायरी: पहिल्या आठवड्यात कागद गोळा करणे

सुटका झाल्यावर लोक तारखेची वाट पाहत बसतात, आणि त्याच दिवसांत पुरावा नाहीसा होतो. पेट्रोल पंपाचे, हॉटेलचे, चौकातले सीसीटीव्ही चित्रण ठरावीक दिवसांनी पुसले जाते. ते जपून ठेवावे असे पत्र लगेच द्यावे आणि पोहोच घ्यावी. येथे सावध राहा: ज्या बारमध्ये बसला होता त्याचे चित्रण आणि बिल तुमच्या बाजूने बोलेल की विरुद्ध, याचा विचार वकिलाबरोबर करूनच ते मागावे.

त्याचबरोबर माहिती अधिकार कायद्याखाली संबंधित वाहतूक पोलीस विभागाकडे अर्ज करून त्या क्रमांकाच्या अल्कोमीटरचे कॅलिब्रेशन (अचूकतेच्या तपासणीचे) प्रमाणपत्र, दुरुस्तीची नोंद, यंत्र हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याचे प्रशिक्षण आणि ते यंत्र केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे मान्य केलेल्या प्रकारचे आहे का, याची माहिती मागावी. तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते. तपास चालू असल्याचे कारण देऊन नकार आला तरी हरकत नाही. खटल्यात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली न्यायालयामार्फत हेच कागद मागवता येतात, आणि आधी मागूनही दिले नाहीत ही गोष्ट नोंदीवर राहते.

वकील परवडत नसेल तर गोवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा; स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावरही विचारणा करता येते.

पाचवी पायरी: कबुली द्यायची की लढायचे

म्हापसा, पणजी, मडगाव, फोंडा, डिचोली अशा ठिकाणच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर पहिल्या तारखेला आरोप वाचून दाखवतात आणि ‘गुन्हा कबूल आहे का?’ असे विचारतात. दहा हजार भरून मोकळे होऊ या विचाराने अनेक जण कागद न वाचताच ‘होय’ म्हणतात. मला या एका शब्दाची सर्वाधिक धास्ती वाटते. कबुलीवर आधारलेल्या शिक्षेविरुद्ध अपील केवळ शिक्षेच्या प्रमाणाबद्दल किंवा वैधतेबद्दल करता येते. गुन्हाच घडला नव्हता हे पुढे सांगता येत नाही. ती दोषसिद्धी परवान्याच्या सुनावणीत येते, विम्याच्या दाव्यात येते, आणि पुन्हा कधी पकडले गेल्यास दुसऱ्या गुन्ह्याची वाढीव शिक्षा तिच्यावरच बेतली जाते.

म्हणून आधी सर्व कागदांच्या प्रती मागाव्यात, त्यासाठी तारीख घ्यावी, आणि मग निर्णय करावा. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर असेल, दोन्ही चाचण्या एकमेकींशी जुळत असतील, रक्ताचा नमुना नीट सील झालेला असेल आणि चालकाला स्वतःलाही आपण प्यालो होतो हे माहीत असेल, तर खोटा बचाव उभा करू नये. अशा वेळी वकिलाचे काम शिक्षा सौम्य व्हावी यासाठी असते: पहिलाच गुन्हा, कोणालाही इजा नाही, तपासात सहकार्य, कुटुंबाची जबाबदारी या बाबी मांडून कैदेऐवजी दंड मागावा. दंडाची रक्कम कायद्यानेच ठरलेली असल्याने घासाघिशीला वाव नाही. परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा, १९५८ खाली ताकीद किंवा चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सुटका मागता येते, पण मद्यपानाच्या प्रकरणांत न्यायालये ती सहजी देत नाहीत. वकिलासमोर खरी हकीकत मांडावी, कारण खरे न ऐकलेला वकील उलटतपासणीत उघडा पडतो.

सहावी पायरी: बचावाचे खरे मुद्दे

लढायचे ठरले तर सरकार पक्षावरील भार लक्षात ठेवावा: त्याला वाजवी संशयापलीकडे तीन गोष्टी सिद्ध करायच्या असतात. तुम्हीच वाहन चालवत होता किंवा चालवण्याचा प्रयत्न करत होता, त्या वेळी रक्तातील अल्कोहोल ३० मिलिग्रॅमच्या वर होते, आणि ते कायद्याला मान्य असलेल्या चाचणीने आढळले.

पहिल्या गोष्टीवरचा बचाव साधा पण प्रभावी असतो. जत्रेच्या मैदानाबाहेर किंवा किनाऱ्याजवळ उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून मागच्या आसनावर झोपलेली व्यक्ती गाडी चालवत नसते. ती चालवण्याचा प्रयत्न करत होती हे दाखवायला किल्ली कुठे होती, इंजिन गरम होते का, गाडी हलताना कोणी पाहिली, यांचा पुरावा लागतो. दोघे-तिघे असलेल्या गाडीत चालक कोण होता हे साक्षीदाराने पाहिले नसेल तर ओळखीचाच प्रश्न उभा राहतो. मात्र मित्राला वाचवण्यासाठी ‘मी चालवत होतो’ असे दुसऱ्याने म्हणणे हा स्वतंत्र गुन्ह्याचा रस्ता आहे. तिकडे जाऊच नये. भाड्याने दुचाकी देणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की ग्राहक नशेत आहे हे दिसत असताना किल्ली हाती देणे कलम १८८ खाली प्रोत्साहन ठरू शकते.

यंत्रावरचा बचाव सर्वांत समृद्ध आहे, आणि येथे वेळ घालवणे सार्थकी लागते. श्वासाचे यंत्र रक्त मोजत नाही. फुप्फुसातून आलेल्या हवेतील अल्कोहोल मोजून ते सुमारे २१०० पट करून रक्तातील प्रमाणाचा अंदाज सांगते. हे गुणोत्तर सरासरीचे आहे. ते व्यक्तीनुसार, शरीराच्या तापमानानुसार आणि श्वास रोखण्याच्या पद्धतीनुसार थोडे बदलते. आकडा १५० असेल तर या फरकाने काहीच बिघडत नाही, पण ३४ किंवा ३८ असेल तर बरेच बिघडते. म्हणून मर्यादेच्या जवळच्या आकड्यात यंत्राच्या अचूकतेची मर्यादा किती, शेवटचे कॅलिब्रेशन कधी, चाचणीपूर्वी शून्य आले होते का, दुसरी चाचणी का घेतली नाही, हे प्रश्न एकेक करून अधिकाऱ्याला विचारले पाहिजेत. ३० मिलिग्रॅम बरोबर भरले तर गुन्हा होत नाही. ते ओलांडले पाहिजे.

तोंडात राहिलेले अल्कोहोल हा यातला खरा आणि सिद्ध करता येण्याजोगा मुद्दा आहे. नुकताच केलेला गुळणा, फवारा, ढेकर किंवा आम्लपित्तामुळे वर आलेला पोटातील द्रव यांनी आकडा काही मिनिटांसाठी फुगतो आणि पंधरा मिनिटांत उतरतो. ज्याला जुना आम्लपित्ताचा विकार आहे त्याने घटनेपूर्वीचे डॉक्टरांचे कागद सादर करावेत. घटनेनंतर मिळवलेल्या प्रमाणपत्रावर न्यायालय विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये. मधुमेहींच्या श्वासात येणाऱ्या अ‍ॅसिटोनचा दाखला मात्र जपून द्यावा. जुन्या अर्धवाहक संवेदकांची (सेमीकंडक्टर सेन्सर) यंत्रे त्याने फसू शकतात, इंधन-घटावर (फ्युएल सेल) चालणारी यंत्रे सहसा फसत नाहीत. म्हणून आधी यंत्राचा प्रकार पाहावा आणि मगच हा मुद्दा घ्यावा.

चिठ्ठी आणि चित्रणही तपासावे. चिठ्ठीवरचे नाव, वय, वाहन क्रमांक, वेळ, यंत्राचा क्रमांक पंचनाम्याशी जुळतात का? चिठ्ठीवरची वेळ अटकेच्या नोंदीनंतरची असेल तर काहीतरी चुकले आहे. चित्रण किंवा संगणकीय नोंद सादर केली असेल तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडलेले असावे लागते. तेच ते पंच अनेक प्रकरणांत सह्या करताना दिसले तर त्यांच्या स्वतंत्रपणाबद्दल विचारावे.

रक्ताच्या अहवालावरचा बचाव साखळीचा असतो: नमुना कोणी घेतला, कोणाच्या ताब्यात दिला, कुठल्या फ्रिजमध्ये किती दिवस राहिला, वेर्णा येथील न्यायसहायक प्रयोगशाळेपर्यंत कोणी नेला, तिथे सील शाबूत होते का. गोव्याच्या उष्ण, दमट हवेत टिकाऊ द्रव्याविना राहिलेल्या रक्तात जिवाणूंमुळे अल्कोहोल तयार होऊ शकते, म्हणून ही साखळी औपचारिकता नव्हे. मुंबईतील २००२ च्या एका गाजलेल्या अपघात खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये आरोपीला निर्दोष सोडताना रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीतील उणिवांना मोठे महत्त्व दिले होते. गोव्यातील न्यायालये त्याच उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत येतात. अहवाल तज्ज्ञाला न बोलावताही पुराव्यात वाचता येतो. पण त्यावर शंका असेल तर तज्ज्ञाला साक्षीसाठी बोलावण्याचा अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली करावा.

चाचणीच नसेल आणि केवळ वास, लाल डोळे, अडखळती चाल यांवर खटला उभा असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा १९७१ चा बाचूभाई हसनअली करयानी निकाल दाखवावा. वास, तोल जाणे, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यपान सिद्ध होत नाही असे त्यात म्हटले आहे. कलम १८५ मध्ये तर आकडा हाच गुन्ह्याचा घटक आहे. मात्र ‘ब्रेथ अ‍ॅनालायझर नव्हता म्हणून रक्ताचा अहवाल चालत नाही’ असे सांगणारे जुने निकाल आता जपून वापरावेत, कारण १ सप्टेंबर २०१९ पासून कायद्यात प्रयोगशाळेच्या चाचणीचाही समावेश झाला आहे.

वेळेचा मुद्दा दोन्ही बाजूंनी कापतो. शेवटचा घोट घेतल्यावर अल्कोहोल रक्तात पूर्ण भिनायला अर्धा ते दीड तास लागू शकतो, आणि त्यानंतर ते दर १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या गतीने उतरते. चाचणी दोन तासांनी झाली असेल तर चालवतानाचे प्रमाण कमी होते असे म्हणता येते, तसेच जास्त होते असेही म्हणता येते. किती वाजता काय घेतले आणि काय खाल्ले याचा विश्वासार्ह पुरावा नसेल तर हा बचाव उचलू नये.

न कळत कोणी पेयात दारू मिसळली, हा बचाव कायद्यात आहे. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम २३ ची अट कठोर आहे, आपण काय करतो हे कळण्याची शुद्धच हरपलेली असावी लागते. व्यवहारात तो क्वचितच टिकतो. मुदतीचा मुद्दा मात्र वकिलाने पहिल्याच दिवशी तपासावा: पहिल्या गुन्ह्याची कमाल कैद सहा महिने असल्याने न्यायालयाने त्याची दखल घेण्याची मुदत एक वर्ष आहे. दुसऱ्या गुन्ह्याचा आरोप असेल तर आधीची दोषसिद्धी प्रमाणित प्रतीने सिद्ध झाली पाहिजे. पूर्वी कधी पकडले होते एवढे पुरत नाही.

सातवी पायरी: अपघात झाला असेल तर

येथे वरील बरेच गणित बदलते. कोणाचा मृत्यू झाला असेल तर न्याय संहितेचे कलम १०६ लागते, आणि मद्यपान करून बेफाम चालवल्याचे दिसल्यास सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लागू शकते. वांद्र्याच्या कार्टर रोडवरील २००६ च्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची दोषसिद्धी कायम ठेवली. अशा प्रकरणात पहिल्या तासापासून फौजदारी वकील हवा, आणि त्याआधी जखमींना मदत हवी. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) किंवा जिल्हा रुग्णालयात चालक स्वतः दाखल असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी कळवल्याशिवाय श्वासाची चाचणी घेता येत नाही, आणि उपचाराला बाधा येते असे त्यांनी म्हटल्यास ती थांबवावी लागते.

आठवी पायरी: परवाना आणि विमा

न्यायालयातला खटला आणि परवान्यावरची कारवाई या दोन स्वतंत्र वाटा आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६(४) प्रमाणे पोलीस परवाना ताब्यात घेऊन वाहतूक खात्याकडे पाठवू शकतात. मिळालेली पोचपावती म्हणजे वाहन चालवण्याची परवानगी नव्हे. तिच्यावर विसंबून गाडी चालवू नये, कारण परवाना निलंबित झाल्यावर चालवल्यास कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना मद्यपान करून चालवणाऱ्यांचा परवाना किमान तीन महिने निलंबित करण्यास सांगितले आहे, त्यामुळे निलंबनाची नोटीस येईल हे धरून चालावे. ती आली की गप्प बसू नये. कलम १९ प्रमाणे म्हणणे मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे. लेखी उत्तर द्यावे, चाचणीतील दोष मांडावेत, उपजीविका वाहनावर असल्याचे कागद जोडावेत. आदेश विरुद्ध गेला तर तो मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते. खटल्यातील दोषसिद्धीविरुद्धही सत्र न्यायालयात तीस दिवसांतच अपील करावे लागते. दोन्ही मुदती एकाच दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात.

विम्याच्या बाबतीत निर्दोष सुटकेवर फार भिस्त ठेवू नये. एप्रिल २०२१ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की श्वास किंवा रक्ताची चाचणी झालेली नसली तरी विमा कंपनी इतर परिस्थितीवरून चालक नशेत होता हे दाखवून गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते, कारण तेथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. म्हणून विमा कंपनीच्या अर्जात किंवा सर्वेक्षकासमोर दिलेले निवेदन खटल्यातील भूमिकेशी जुळते आहे ना, हे वकिलाला दाखवूनच सही करावी, आणि निर्दोषत्वाचा निकाल लागल्यास त्याची प्रमाणित प्रत विमा कंपनी व वाहतूक खाते या दोघांकडेही पोहोच घेऊन सादर करावी.